पेटींतील कागद

मनुष्य मेला म्हणजे त्याच्याविषयीं चांगलेंच बोलावें, अशी आपल्या लोकांत रीत आहे. ती वाईट नव्हे; कारण मृतास आपली बाजू मांडतां येत नाहीं. परंतु वडीलधाऱ्यांचें आयुष्य नातवंडांस सांगतांना अप्रिय गोष्ट गाळावी कीं काय? आम्ही एका उदाहरणानें हा प्रश्न तपासून पाहूं.

दुसऱ्या महायुद्धांत कोकणांतील पुष्कळ तरुण रॉयल इंडियन नेव्हींत भरती झाले. त्या आरमाराच्या ‘बेंगॉल’ नांवाच्या लहानशा जहाजानें ११ नोव्हेंबर १९४२ रोजीं दोन मोठ्या जपानी जहाजांशीं झुंज दिली, व त्यांतील एक बुडालें. पुढें १८ फेब्रुवारी १९४६ रोजीं मुंबईस ‘तलवार’ ह्या नाविक शाळेंतील खलाशांनीं निकृष्ट अन्न व अपमानाची वागणूक ह्यांस कंटाळून काम बंद केलें. हां हां म्हणतां तें लोण कराचीपर्यंत पोहोंचलें. वल्लभभाई पटेलांच्या सांगण्यावरून २३ फेब्रुवारीस खलाशी शरण आले. नंतर शेंकडों जणांस नोकरींतून काढण्यांत आलें. आज मुंबईंत कुलाब्यास त्यांचें स्मारक उभें आहे.

आतां समजा, अशा एका खलाशाच्या मरणानंतर त्याची पत्र्याची पेटी उघडली. तींत गणवेशांतलें छायाचित्र आहे, आणि तळाशीं बडतर्फीचा कागद. आजीनें तो कागद जन्मभर लपविला. नातू तोच अभिमानानें चारचौघांत दाखवितो. मग आजी भित्री व नातू धीट, असें म्हणावें काय?

आम्हांस तसें वाटत नाहीं. त्या कागदानें घरची भाकर गेली, ती आजीच्या पदरांतली. नातवास तो कागद फुकट मिळाला. काळ बदलला म्हणजे काल ज्याची लाज वाटली त्याचाच आज गौरव होतो. परंतु काळ बदलल्यानें घडलेली गोष्ट बदलत नाहीं. म्हणून ज्यानें केवळ गौरव सांगितला, त्यानें अर्धेंच सांगितलें. दुसरा एखादा खलाशी त्या दिवशीं आपल्या कामावरच राहिला असेल. त्यानें घेतलेली शपथ पाळली, किंवा लेंकरांच्या पोटाकडे पाहिलें. त्याच्या नातवानें लोकांच्या वाहवेसाठीं त्यास बंडवाला ठरविलें, तर तो आजोबांचा मान नव्हे. तो आजोबांस नाकारणें होय.

कोणी म्हणेल, सत्य सांगितल्यानें घराण्यास कमीपणा येईल. आम्ही म्हणतों, सांगण्यांत दया असली म्हणजे येत नाहीं. न्यायाधीश होऊन सांगूं नये, आणि भाट होऊनही सांगूं नये. लेंकरूं आपल्या बापाविषयीं जसें प्रेमानें व खरें बोलतें, तसें बोलावें.

वाचकहो, आपल्या घरीं कोणी म्हातारें माणूस असेल तर आजच त्याच्याजवळ बसा. कोणतें जहाज, कोणतें साल, घरीं पैसे किती येत, ते बंद झाल्यावर चूल कशी पेटली, हें विचारा व वहींत लिहून ठेवा. आणि हें शेवटचें आजीस विचारा; कारण आरमाराच्या दफ्तरांत तें कोठेंही लिहिलेलें नाहीं.