आधी निदान, मग पाना

पाना खाली ठेव आणि इकडे ये. सकाळपासून या कारचा थर्मोस्टॅट बदललास, वॉटर पंप बदललास, रेडिएटरचं झाकणही नवं लावलंस. गाडी तापायची थांबली? नाही. आणि आता विचारतोस, "सर, हेड खोलू का?" कशावरून खोलायचं? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! गिऱ्हाइकाच्या पैशावर अंदाज चालवायला तू इथे आलेला नाहीस.

गाडी कधी तापते, हे मालकाला विचारलंस? इथल्या जीएसटी रोडवर ट्रॅफिकमध्ये उभी असतानाच तापत असेल, तर आधी पंखा बघायचा: फ्यूज, रिले, मोटर. वेगात किंवा चढावर तापत असेल, तर रेडिएटर चोंदलाय का, पाणी नीट फिरतंय का, ते बघायचं. बोअरच्या जड पाण्याने नळ्यांत क्षार साचतात, हे तांबरममध्ये राहून तुला मी सांगायला हवं?

वरचा होज कढत आणि खालचा थंड, तर थर्मोस्टॅट उघडत नाही किंवा वाट तुंबली आहे. थर्मोस्टॅटवर संशय आहे ना? मग काढून भांड्यातल्या पाण्यात तापव, सोबत थर्मामीटर धर आणि त्याच्यावर लिहिलेल्या तापमानाला उघडतो का ते बघ. नवं कूलंट भरल्यावर आत अडकलेली हवा काढलीस? इंजिन चालू असताना टाकीत सतत बुडबुडे येतात का, पाहिलंस? हे सगळं झाल्यावर हेड गॅस्केटचं नाव घ्यायचं.

आणि मघाशी गरम इंजिनाचं झाकण फिरवायला निघाला होतास! आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेलं असतं. झाकण सुटताच उसळून तोंडावर येतं. डोळे गेले असते.

हिवाळ्यात गुलमर्गला स्नोमोबाइलच्या कामावर जायचंय म्हणतोस. नीट ऐक. लिक्विड कूलिंगच्या बहुतेक स्नोमोबाइलमध्ये मुख्य काम पट्ट्यावरच्या बोगद्याखालचे (टनेलखालचे) हीट एक्स्चेंजर करतात. पट्टा भुसभुशीत बर्फ उडवतो, तो त्यांच्यावर आपटतो, उष्णता तिथे जाते. कडक बर्फावर किंवा उघड्या रस्त्यावर चालवलं, तर बर्फ उडत नाही आणि भोवती गोठवणारी थंडी असूनही इंजिन तापतं. म्हणजे तिथला पहिला प्रश्न "कुठे चालवली?" हा. फॅन कूलिंगची असेल तर पंख्याचा बेल्ट आणि सिलिंडरचे पंख तपासायचे. तिच्यात थर्मोस्टॅट शोधत बसलास तर लोक हसतील.

गुलमर्गला साधं पाणीही चालणार नाही. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं आणि ब्लॉक फोडतं. ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं घेतलं, तर ते उणे 35 अंशांच्या आसपास टिकतं. गुलमर्ग सुमारे 2,650 मीटर उंचीवर. उघडं पाणी तिथे 91 अंशांच्या सुमारास उकळतं. म्हणून दाब धरणाऱ्या झाकणाचं सील फाटकं असून चालत नाही.

इथे चुकलास तर गाडी ढकलत परत आणता येते. तिथे संध्याकाळी बर्फात यंत्र बंद पडलं, तर त्यावरच्या माणसाच्या जिवावर बेतेल. तुझा हात चांगला आहे, म्हणूनच एवढं बोलतोय. आता वहीत लक्षणं लिही, प्रत्येकासमोर कारण लिही, प्रत्येक कारणाची चाचणी लिही. मला दाखव. मी सही केल्याशिवाय या गाडीचा एकही नट सुटणार नाही.