भंगार कोणाला म्हणावे?

मुंबईच्या उपनगरांत हिवाळा येतो तो आधी वर्तमानपत्रात. ‘पारा घसरला’ असा मथळा झळकला, की बोरिवलीपासून मुलुंडपर्यंतची कपाटे उघडतात आणि डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारे स्वेटर अंगावर चढतात. पारा घसरून घसरून घसरतो तो किती? सतरा, फार तर पंधरा. एवढ्या थंडीत नाशिककर पंखा लावून झोपत असेल. पण आमच्या अभिमानालाही पुरावा आहे. २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझला ७.४ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं होतं. त्या दिवशी आपले दात कसे वाजत होते हे सांगणारे तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा अजून आमच्या सोसायटीत आहेत, आणि दर वर्षी सांगताना ते पारा अर्ध्या अंशाने आणखी खाली नेतात.

या हिवाळ्यात आमच्याकडे एक साथ येते. सायकलची. डिसेंबर उजाडला, की एरवी कोपऱ्यावरून दूध आणायला रिक्षा बघणारी माणसं पहाटे साडेपाचला डोक्यावर शिरस्त्राण आणि अंगात पोटाचा हिशेब चव्हाट्यावर मांडणारा बनियन घालून सायकलीवर बसतात. अंधेरीची माणसं आरेच्या झाडीत शिरतात, मुलुंड-घाटकोपरची पवईच्या तळ्याकडे निघतात आणि आम्ही बोरिवलीकर राष्ट्रीय उद्यानाच्या दारातून कान्हेरीची वाट धरतो. सहा-सात किलोमीटरचा रस्ता. शेवटचा चढ असा, की माणूस बौद्ध नसला तरी त्याला जगातलं दुःख पटतं.

उतरून घरी आल्यावर खरी गोष्ट सुरू होते. ती म्हणजे सायकल पुसणं.

पावसाळ्यातला चिखल निदान प्रामाणिक असतो, दिसतो. हिवाळ्यातली धूळ आतल्या गाठीची. वारा पडलेला, जागोजागी मेट्रोचे खांब आणि इमारतींचे पुनर्विकास चाललेले. ती धूळ हवेतच लोंबकळत राहते आणि पहाटेच्या दवाबरोबर सायकलीवर बसते. २०२३ च्या नोव्हेंबरात महापालिकेने टँकर लावून रस्तेच धुवायला काढले होते. मला महापालिकेबद्दल एकदम आपुलकी वाटली. उद्या पुन्हा मळणार हे पक्कं ठाऊक असूनही आज धुवायचं, हे दुःख आम्हा दोघांचं सारखंच होतं.

सायकल पुसण्याचं शास्त्र थोडक्यात सांगतो. सायकलीचा जीव चेनमध्ये. चेनला तेल हवं, पण ते रोळांच्या आत, पिनांपाशी. बाहेर राहिलेलं तेल फक्त धुळीला आमंत्रण देतं. तेल आणि धूळ एकत्र आली, की पॉलिश कागदाला लाजवील असं एक काळं लुकण तयार होतं आणि ते रोज थोडी थोडी चेन खातं. चांगल्या चेनच्या चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरतात. बारा इंचांत एक सूत वाढ झाली, की ती चेन संपली. वर दात्यांनाही घेऊन जाते. म्हणून तेल थेंबाथेंबाने सोडायचं, पायडल उलटं फिरवायचं, आणि मग जुन्या बनियनच्या फडक्याने बाहेरचं सगळं पुसून घ्यायचं. आत ओलं, बाहेर कोरडं. (काही माणसांचं नेमकं उलट असतं, पण तो विषय वेगळा.)

पूर्वी सायकलच्या दुकानांवर ‘ओव्हरऑइलिंग करून मिळेल’ अशा पाट्या असत. मूळ शब्द ओव्हरहॉलिंग. परंतु आपल्या लोकांचा तेलावर जात्याच विश्वास असल्यामुळे त्यांनी तो सुधारून घेतला. समोरच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी तर ऐन जानेवारीत चेनला खोबरेल घातलं. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजतं, हे बाटली उन्हात ठेवणाऱ्या प्रत्येक मराठी घराला माहीत असतं. पण डोक्याला असलेलं ज्ञान पायांपर्यंत पोचायला वेळ लागतो.

तर रविवारी सकाळी मी खाली पार्किंगमध्ये रॉकेलऐवजी हल्ली मिळणारं काहीतरी वाटीत घेऊन बसलो, की जाणारा-येणारा प्रत्येकजण एकच प्रश्न विचारतो : “रोज मळणारच, तर रोज पुसायची कशाला?”

प्रश्न दिसतो तितका बावळट नाही. भांडी रोज घासतो, दाढी रोज करतो, हे उत्तर पुरत नाही. कारण त्यांच्याविषयीही हाच प्रश्न उरतो. निष्काम कर्म म्हणावं, तर सायकल पुसताना मनात कामना असतेच : निदान कोणीतरी ‘वा!’ म्हणावं. थोडं निरीक्षण केल्यावर मला असं आढळलं, की सायकलवाल्यांत दोन पंथ आहेत. एक चमकवादी. यांची सायकल दांड्यापासून मडगार्डपर्यंत आरशासारखी. चेनकडे मात्र कोणी बघत नाही, कारण ती फोटोत येत नाही. दुसरे चालवादी. यांची सायकल दिसायला कळकट, पण चाकाचा आऊट काढलेला, ब्रेकचे रबर नवे, आणि चेन अशी, की बोट लावलं तर डाग पडू नये.

आमच्या पार्किंगमधला अस्सल चालवादी म्हणजे गाड्या पुसणारा माणूस. पहाटे पाचला दहिसर नदीपलीकडून सायकल मारत येतो आणि गार पाण्याच्या बादल्यांवर तीन इमारतींच्या गाड्या उजळून काढतो. त्याची जुनी अ‍ॅटलास पंपाच्या खोलीजवळ उभी असते. कॅरियरला सुतळी, सीटला प्लॅस्टिकची पिशवी, रंग कोणता होता हे आता तिलाही आठवत नसेल. एकदा मी त्याला म्हटलं, “अरे, एवढ्या गाड्या पुसतोस, एक फडकं हिच्यावर मारायला काय होतं?”

तो हसला. म्हणाला, “काका, दिवसभर लोकांचं चकचकीत करतो. आपलं चाललं म्हणजे बास.”

चमक हा त्याचा विकायचा माल होता. घरी वापरायला त्याने फक्त चाल ठेवली होती.

आणि मग सोसायटीची नोटीस लागली. ‘तळमजल्यावरील भंगार सायकली आठ दिवसांच्या आत हलवाव्यात, अन्यथा भंगारवाल्यास देण्यात येतील.’ सही, शिक्का. नोटिशीत सगळं होतं. फक्त भंगार म्हणजे काय ते नव्हतं. कायद्याचं हे असंच असतं. त्यासाठी सभा भरली. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीला तडा गेला तेव्हा गणसंख्या भरली नव्हती. चौदा सायकलींसाठी मात्र खुर्च्या कमी पडल्या.

चेअरमननी पहिली व्याख्या मांडली : “अस्वच्छ ती भंगार. सुरुवात त्या पंपाजवळच्या सायकलीपासून करा. पाहुण्यांसमोर लाज वाटते.”

मी म्हटलं, एकदा खाली जाऊन बघू या. सभा खाली उतरली. मी अ‍ॅटलासचं मागचं चाक कॅरियरला धरून उचललं आणि पायडल मारलं. चाक फिरलं ते फिरतच राहिलं. फ्रीव्हीलची टिकटिक घड्याळासारखी चालू राहिली, आणि सगळे जण का कोण जाणे, ती थांबेपर्यंत गप्प उभे राहिले. तिच्या शेजारी एकवीस गिअरची एक परदेशी सुंदरी रेशमी आवरणाखाली उभी होती. आवरण काढलं. रंग लखलखीत. दोन्ही टायर बसलेले. आणि समुद्राच्या खाऱ्या हवेने चेन अशी गंजलेली, की एका टोकाला उचलली तर काठीसारखी सरळ वर आली. ती कोणाची होती हे सांगत नाही. चेअरमननी आवरण स्वतःच्या हाताने पुन्हा घातलं, एवढं पुरे.

सेक्रेटरी हुशार गृहस्थ. त्यांनी लगेच दुरुस्ती सुचवली : “मग असं लिहू. जी चालत नाही ती भंगार.”

झकास! मी हात वर करणार, एवढ्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, “तसं लिहिणार असाल तर यादीत पहिलं नाव माझं घाला. दोन्ही गुडघे गेलेत.”

सगळे हसले. मोठ्याने हसले. आणि मग हसू जरा लवकर आवरलं. आजोबांचा मुलगा परदेशात. त्याने पाठवलेली पाठ दाबणारी खुर्ची, रक्तदाब मोजायचं यंत्र, भिंतीएवढा टीव्ही, सगळं घरात चकचकीत आहे. आवरणासकट. दार वाजवायला मात्र दूधवाल्याखेरीज कोणी नाही, आणि आम्ही त्याच जिन्याने रोज उतरतो.

चमकवाद त्या सभेत हरला होता. पण आजोबांच्या एका वाक्याने चालवादही आडवा पडला. उपयोग संपला की भंगार, हे सायकलीबद्दल म्हणायला सोपं आहे. पण म्हणणाऱ्याचेही गुडघे असतात.

मग भंगार म्हणायचं कशाला? मला वाटतं, भंगार हा वस्तूचा गुणच नव्हे. ती मालकाची वागणूक आहे. ज्यावरून कोणाचा हात फिरायचा थांबला, ते भंगार. अ‍ॅटलासचंच बघा. कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला. दिवसही असा, की तो जागतिक सायकल दिन. बनवणारा थांबला, तरी राखणारा थांबला नाही म्हणून ती सायकल रोज पहाटे नदी ओलांडून येते. बनवणाऱ्याचा संबंध एका दिवसाचा, विकत घेणाऱ्याचा एका पावतीचा. राखणाऱ्याचा रोजचा. आपण मात्र फिती कापतो त्या पहिल्या दोघांसाठी. पुलाचं उद्घाटन होतं. पुलाच्या दुरुस्तीचं होत नाही, तिथे फक्त ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ असतं. सायकलीलाही वर्षातून एकदा खंडेनवमीला झेंडूची माळ मिळते. पुढच्या वर्षी तीच माळ काढून नवी घालतात.

हा विचार करायला मला फार लांब जावं लागलं नाही. कान्हेरीला सायकल टेकवून दम खाताना त्या डोंगरातल्या शंभरावर लेणी समोर असतात. ती कोरणाऱ्यांचं कौतुक सगळेच करतात. पण तिथल्या नवव्या शतकातल्या, शिलाहारांच्या काळातल्या एका लेखात देणगीची नोंद आहे, आणि त्या देणगीतला काही भाग नेमून दिला आहे तो विहाराच्या दुरुस्तीसाठी. भिक्षूंच्या वस्त्रांसाठी, पुस्तकांसाठी आणि दुरुस्तीसाठी! बाराशे वर्षांपूर्वी कोणा भल्या माणसाला कळलं होतं, की दगडसुद्धा रोज थोडा थोडा मळतो, झिजतो. आणि ते त्याने दगडातच कोरून ठेवलं. असा माणूस आमच्या कमिटीवर एक तरी हवा होता.

आणि गाडगेमहाराज? १९५६ साली ते गेले. तोवर गावोगाव त्यांचा शिरस्ता एकच : दिवसा हातात खराटा, रात्री कीर्तन. जे गाव झाडलं ते त्यांचं नव्हतं, आणि ते निघून गेल्यावर पुन्हा मळणार हे त्यांना काय ठाऊक नव्हतं? पण झाडलेलं गाव टिकतं की नाही, हा त्यांचा हिशेब नसावा. इथे कोणाचं तरी लक्ष आहे, एवढं गावाला कळलं तरी पुष्कळ झालं. रोज मळणारी वस्तू रोज का पुसायची, याचं मला सापडलेलं उत्तर हे असं आहे. पुसल्याने ती स्वच्छ राहत नाही. पुसल्याने आपण तिच्याकडे बघतो. सैल झालेला आरा, झिजलेला रबर, टायरात रुतलेली काच हे सगळं पुसतानाच हाताला लागतं. बघत बसल्याने लागत नाही.

यात एक धोका आहे तोही सांगतो. सायकलीवर हात फिरवणं सोपं. ती उलट बोलत नाही, जुनी उणीदुणी काढत नाही, तेल घातलं की लगेच गप्प होते. माणसांना हा गुण नाही. त्यामुळे एखादा मनुष्य दर रविवारी दोन तास चेनच्या कड्या मोजत बसेल आणि तीन मजले चढून जाण्याचा त्याला कंटाळा येईल. अशा माणसाची सायकल उत्तम राहील, पण त्याला राखणारा म्हणावं का, हे मला ठरवता येत नाही.

सभेत शेवटी ठराव झाला तो असा : प्रत्येक मालकाने महिन्यातून एकदा खाली येऊन आपल्या सायकलीला हात लावावा; ज्याला जमत नसेल त्याने ती चालवणाऱ्याला देऊन टाकावी. अ‍ॅटलास पंपाजवळच राहिली. एकवीस गिअरची सुंदरी अजून आवरणातच आहे. तिला हात लावला गेल्याची नोंद मात्र वहीत दर महिन्याला होते. सगळ्याच सुधारणा होत नाहीत.

आजोबा हल्ली रविवारी लिफ्टने खाली येतात. मी खुर्ची ठेवतो. गाड्या पुसणारा बादली संपवून टेकतो, आणि दोघे मिळून माझ्या कामात चुका काढतात.

“तेल जास्त झालं,” आजोबा म्हणतात.

“पुसून घ्या, काका,” तो म्हणतो.

मी पुसून घेतो. परवा आजोबांनी १९६२ चा पारा पुन्हा एकदा खाली उतरवला. आता तो सव्वापाचावर आला आहे.