काचेखालचे गेर्निका

माझ्या शाळेतल्या टेबलावर काच आहे आणि काचेखाली, वेळापत्रक व सुट्ट्यांची यादी यांच्या शेजारी, एक चित्रकार्ड आहे. एका माजी विद्यार्थ्याने ते माद्रिदहून आणून दिले. पिकासोच्या ‘गेर्निका’ची ती छापील प्रतिकृती. मूळ चित्र सुमारे साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद. माझे कार्ड वीतभरही नाही. नुसत्या रुंदीचा हिशेब केला तरी ते पन्नासपट लहान.

मागे एकदा नववीतली एक मुलगी रजेचा अर्ज घेऊन आली. मी सही करीत होतो आणि ती काचेवर वाकून पाहत होती. मेलेले मूल हातांत घेऊन आक्रोश करणारी आई, तडफडणारा घोडा, तुटलेली तलवार. “सर, इथं काय झालंय?” तिने विचारले. मी थोडक्यात सांगितले. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “मग हे शोभेला का ठेवलंय?”

अर्जावर सही झाली, मुलगी गेली; प्रश्न टेबलावरच राहिला.

26 एप्रिल 1937, सोमवार. स्पेनच्या बास्क प्रांतातले गेर्निका हे बाजाराचे गाव. तिथल्या ओकवृक्षाखाली बास्क लोकांच्या हक्कांची शपथ घेतली जाई. त्या दुपारी फ्रँकोच्या बाजूने लढणाऱ्या जर्मन आणि इटालियन विमानांनी गावावर बाँब टाकले आणि गाव जळून गेले. फ्रँकोच्या पक्षाने सरळ कानांवर हात ठेवले. माघार घेणाऱ्या विरोधकांनीच गाव पेटवले, असे सांगितले. जर्मनीच्या राष्ट्राध्यक्षांनी आपल्या देशाचा दोष उघडपणे मान्य केला तो 1997 साली, साठ वर्षांनी. पिकासोने मात्र पॅरिसमध्ये बसून पाच-सहा आठवड्यांत हे चित्र पुरे केले. त्यात विमान नाही, बाँब नाही. रंगही काळा, पांढरा, करडा एवढेच.

अशा चित्राचे कार्ड करून विकावे काय? आक्षेप दोन आहेत. पहिला असा, की नक्कल ही नक्कलच. वॉल्टर बेंजामिन या जर्मन विचारवंताने 1936 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात म्हटले, की यंत्राने प्रती निघू लागल्या म्हणजे मूळ कलाकृतीभोवतीचे तेजोवलय विरते. विचार खरा आहे. पण आपल्या घरांत अनुभव निराळा आहे. 1894 साली राजा रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला आणि छापील लक्ष्मी-सरस्वती घरोघर गेल्या. माझ्या आजीने त्या कागदाला हळदकुंकू वाहिले. मूळ चित्र कुठल्या राजवाड्यात आहे, हे तिने कधी विचारले नाही. भाव मुळाकडून येतो तितकाच पाहणाऱ्याकडूनही येतो.

नकलेला धाक असतो याचा पुरावाही आहे. ‘गेर्निका’ची एक विणलेली प्रतिकृती 1985 पासून न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या सभागृहाबाहेर टांगलेली होती. फेब्रुवारी 2003 मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री इराकविषयी बोलायला आले, तेव्हा ती निळ्या पडद्याने झाकली गेली. कॅमेऱ्यांना पार्श्वभूमी साधी हवी, असे कारण दिले गेले. पण युद्धाच्या बोलण्यामागे ती आक्रोश करणारी आई दिसू नये, हा अर्थ जगाने लावलाच. निव्वळ नक्कल म्हणून कुणी ती सोडून दिली नाही.

आणि खुद्द गेर्निकात काय आहे? तिथेही नक्कलच. मूळ चित्र स्पेनला 1981 साली परत आले, 1992 पासून ते माद्रिदच्या रेना सोफिया संग्रहालयात आहे. बास्कांनी ते मागितले. 1997 साली बिल्बाओचे नवे संग्रहालय उघडले तेव्हाही मागितले. चित्र नाजूक झाले आहे, प्रवास सोसणार नाही, म्हणून नकार मिळाला. ज्यांचे दुःख, त्यांच्या गावात फरशांवर उतरवलेली प्रतिकृती आहे आणि ‘गेर्निका गेर्निकाला द्या’ अशी मागणी तिच्याखाली बास्क भाषेत लिहिली आहे. दोन भाषांच्या मुलखात राहणाऱ्या आपल्याला त्या ओळीतली कळ समजावून सांगायला नको.

तेव्हा पहिला आक्षेप मी बाजूला ठेवतो. दुसरा मात्र त्या मुलीचा आहे आणि तो जड आहे. दुसऱ्याचे दुःख आपल्या टेबलाची शोभा कसे होऊ शकते? रोज पाहून पाहून मला त्या आईचा आक्रोश ऐकू येईनासा झाला होता. तिच्या तोंडावर मी चहाची कपबशी ठेवीत होतो.

याचे उत्तर मला पिकासोच्याच एका गोष्टीत सापडले. पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना जर्मन अधिकारी त्याच्या घरी येत. तो त्यांच्या हातावर ‘गेर्निका’चे कार्ड ठेवी. एकाने विचारले, हे तुम्ही केलेत का? पिकासोने उत्तर दिले, की नाही, तुम्ही केलेत. गोष्ट निरनिराळ्या प्रकारे सांगतात. तिचा रोख एकच. कार्डाला दोन बाजू असतात. एकीवर चित्र, दुसरीवर पत्ता. पत्ता कोरा राहिला तर ती शोभा. योग्य माणसाच्या हाती पडले तर तो जबाब मागणारा कागद.

मग माझ्या कार्डावर पत्ता कुणाचा? काही वर्षांपूर्वी आमच्या गावात पाट्यांच्या भाषेवरून वातावरण तापले होते. शाळेजवळच्या एका वह्या-पुस्तकांच्या दुकानाची काच फुटली. दुकानदार कानडी, आमच्या मुलांना तो वर्षानुवर्षे उधारीवर वह्या देत असे. दगड कुणी मारले ते मला त्याच संध्याकाळी कळले. दुसऱ्या दिवशी तो विचारायला आला, तेव्हा मी म्हणालो, “आमची मुलं तसं करणार नाहीत.” बाँबपुढे दगड तो काय, हे मला कळते. पण कानांवर हात ठेवण्याची रीत मोठ्या गुन्ह्यात आणि लहान गुन्ह्यात एकच असते.

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी मी काच उचलून कार्ड काढले आणि मागच्या बाजूवर माझेच नाव लिहिले. मग दोन गल्ल्या चालत त्या दुकानात गेलो आणि खरे काय ते सांगितले. त्याने वह्यांचा गठ्ठा बांधता बांधता मान वर केली.

“गोत्तित्तु, सर,” तो म्हणाला. ठाऊक होते.

इतकी वर्षे तो मला नमस्कार करीत होता, ते ठाऊक असूनच.