परतीचे वचन

फराळाचे ताट समोर असताना नीतीचे प्रश्न काढू नयेत, असा एक सभ्य संकेत आहे. पण हल्ली दिवाळी आली की आमच्या पिंप्राळ्यातूनही चकल्या-शेवेचे डबे समुद्रापार रवाना होतात, आणि डबा बांधता बांधता घरातले कोणी तरी हळूच म्हणते, "दोन वर्षांत येतो म्हणाला होता." मग तो प्रश्न आपणहून ताटात येऊन बसतो. परत येईन असे सांगून गेलेला मुलगा आला नाही, तर तो खोटे बोलला काय?

परदेशी विद्यापीठात पुढील शिक्षणासाठी अर्ज करायचा म्हणजे गुणपत्रिका लागतात, इंग्रजीची परीक्षा लागते, गुरुजनांची शिफारसपत्रे लागतात. या सर्वांहून अवघड असते ते हेतुपत्र. मुले त्याला एसओपी म्हणतात. मी कोण, मला काय शिकायचे आहे, शिकून काय करणार, हे त्यात लिहायचे. पुढे अमेरिकेचा विद्यार्थी-व्हिसा मागताना, शिक्षण संपल्यावर मायदेशी परतण्याचा इरादा आहे, हेही अधिकाऱ्याला पटवावे लागते. म्हणजे जाण्याआधीच परतीचे वचन द्यायचे!

माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तरी मी कादंबऱ्या लिहितो म्हणून माझा एक जुना विद्यार्थी असले पत्र घेऊन माझ्याकडे आला. "सर, जरा रंग भरून द्या," म्हणाला. इंजिनिअर झालेला हा मुलगा भूजलाचे शास्त्र शिकायला निघाला होता. पत्राच्या शेवटी त्याने लिहिले होते, की शिक्षण संपताच मी गावी परतेन आणि उरलेले आयुष्य खानदेशच्या शेतकऱ्यांना वाहीन. मी विचारले, "हे तुला मनापासून वाटते?" तो क्षणभर थांबला. "ठाऊक नाही, सर. पण असे लिहावे लागते. सगळेच लिहितात."

त्याचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नव्हते. बापाने कर्जाच्या कागदावर सही केलेली. अशा मुलाने एका वाक्यावरून प्रवेश घालवावा काय? दार ज्याच्या हातात आहे त्यानेच वचनाची अट घातली, तर ते वचन कितपत मनावर घ्यायचे?

या प्रश्नाला आपल्याकडे जुने दाखले आहेत. 1883 साली अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या. त्याआधी गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याकडे मदत मागितली होती, तेव्हा धर्मांतराची अपेक्षा पुढे आली. वरवर मान डोलावून काम साधता आले असते. जोशी दांपत्याने तसे केले नाही. उलट निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथील सभेत, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे आनंदीबाईंनी जाहीर सांगितले. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाकडे केलेल्या अर्जातही त्यांनी एकच हेतू मांडला : पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींना वैद्यकीय मदत द्यायची. 1886 साली त्या डॉक्टर झाल्या, परतल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूकही झाली होती. पण 26 फेब्रुवारी 1887 रोजी क्षयाने त्यांचा अंत झाला. वचन पुरे झाले नाही. म्हणून ते खोटे होते, असे कोण म्हणेल?

दुसरा दाखला डॉ. आंबेडकरांचा. 1913 साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. 1917 साली ते करार पाळायला बडोद्यास गेलेही. पण तिथे अस्पृश्य म्हणून त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी विश्रामगृहात आसरा घेतला, तर लाठ्या घेतलेल्या जमावाने तेथून बाहेर काढले. दहा वर्षांचा करार काही दिवसांतच संपला. इथे वचन कोणी मोडले? ज्याने दिले त्याने, की ज्या समाजाला दिले होते त्याने?

मला वाटते, वचन मोडणे आणि वचन खोटे देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढचे दिवस कोणाच्याच हातात नसतात. लिहिण्याचा दिवस मात्र आपल्या हातात असतो. त्या दिवशी मनात जेवढे आहे तेवढेच कागदावर उतरले, तर पुढे काहीही घडो, माणूस खोटा ठरत नाही. आणि मनात नसताना लिहिलेले वाक्य, पुढे योगायोगाने खरे झाले तरी, लिहिताना खोटेच होते. कादंबरीतल्या माणसाच्या तोंडी मी हवे ते घालतो. तो माझ्याकडे जाब मागायला येत नाही. हेतुपत्रातल्या "मी"ला मात्र आयुष्यभर लिहिणाऱ्याच्याच घरात राहायचे असते.

हे मी त्या मुलाला सांगितले. त्याने आयुष्य वाहण्याचे वाक्य खोडले आणि लिहिले : आमच्याकडे केळीच्या बागांसाठी दरवर्षी पाणी अधिक खोल शोधावे लागते, मी कुठे काम करीन हे आज सांगता येत नाही, पण हा प्रश्न मी सोडणार नाही. वाक्य लहान झाले, पण त्याच्या अंगाला बसले.

राहिली गोष्ट आपली, मागे राहणाऱ्यांची. जो येत नाही त्याला आपण कृतघ्न म्हणतो. आणि जो येतो, तो आषाढीच्या रथाला गर्दीत दिसला की लगेच कुजबुजतो, "तिकडे काही जमले नाही वाटते!" परतीच्या वचनाला दोन बाजू असतात. येणाऱ्याने यायचे असते, आणि ज्यांच्याकडे यायचे त्यांनी जागा ठेवायची असते. आपली बाजू आपण कधी कागदावर लिहून दिलेली नाही. म्हणून ती आपल्यावर नाही, असे मात्र होत नाही.