धसमुसळेपणाचा हक्क

हात जड पडला, ताल पुढेमागे झाला, आवाज फाटला, तरी वाजवणारा मुलगा असेल तर लोक त्याला कलंदर म्हणतात. मुलगी असेल तर तिला रियाज वाढवायला सांगतात. संगीतातल्या स्त्रीपुरुष समतेचा हिशेब मांडताना आपण व्यासपीठ कोणाला मिळालं, मानधन किती मिळालं, हे मोजतो. कच्चेपणाला माफी कोणाला मिळते, हे सहसा विचारत नाही. टोकियोतल्या तीन बायकांच्या ‘द फाइव्ह सिक्स सेव्हन एट्स’ या बँडने मला तो प्रश्न विचारायला लावला.

हा बँड वाजवतो ते गॅरेज रॉक, आणि त्याचा जन्मच कच्चेपणातून झालेला. १९६०च्या दशकात अमेरिकी उपनगरांतली शाळकरी पोरं घरच्या गॅरेजमध्ये स्वस्तातली गिटार आणि कुरकुरणारा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन जमायची. तीन कॉर्ड आल्या की बँड तयार. ‘द किंग्जमेन’ने १९६३मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या ‘लुई लुई’चे शब्द इतके अस्पष्ट होते, की अश्लीलतेच्या संशयावरून एफबीआयने चौकशी केली आणि शेवटी शब्द कळतच नाहीत या निष्कर्षावर फाइल मिटवली. पुढे १९७२मध्ये लेनी के यांनी अशा विसरलेल्या गाण्यांचा ‘नगेट्स’ हा संग्रह काढला आणि पोरांच्या धांगडधिंग्याला वारशाचा मान मिळाला.

त्या वारशात आवाज जवळपास सगळे पुरुषांचे. मुली वाजवत नव्हत्या असं नाही. डेट्रॉइटला १९६४मध्ये ‘प्लेझर सीकर्स’ हा मुलींचा बँड उभा राहिला, त्यातूनच सूझी क्वात्रो पुढे आली. लिव्हरपूलच्या ‘लिव्हरबर्ड्स’नी हॅम्बर्गचा स्टार क्लब गाजवला. तरीही इतिहासात त्या बराच काळ तळटिपेपुरत्या उरल्या. न्यू हॅम्पशरच्या विगिन बहिणींचं तर आणखी वेगळं. वडिलांच्या हट्टाखातर त्यांनी ‘द शॅग्ज’ बँड काढला, १९६९मध्ये एक रेकॉर्डही केली. तिच्यातल्या विस्कटलेल्या तालाची अनेकांनी टिंगल केली, काहींनी नंतर तिला डोक्यावर घेतलं. पण हे वाजवणं त्यांनी स्वतः निवडलेलं नव्हतं, आणि मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो.

जपानात याच दशकात इलेक्ट्रिक गिटारचं वेड शिगेला पोचलं होतं. ‘द व्हेंचर्स’चे दौरे झाले, १९६६मध्ये बीटल्स बुडोकानमध्ये वाजवून गेले, पाठोपाठ ‘ग्रुप साउंड्स’ नावाची देशी लाट आली. वाटणी ठरलेली: मंचावर बहुतेक मुलगे, खाली किंचाळणाऱ्या मुली. त्यानंतर वीस वर्षांनी, १९८६मध्ये, योशिको ऊर्फ रॉनी फुजियामा आणि तिची बहीण साचिको यांनी टोकियोत आपला बँड काढला. रॉनी गिटार वाजवते आणि गाते, साचिको ड्रम्सवर. त्याच वर्षी एप्रिलपासून जपानमध्ये नोकरीत समान संधी देणारा कायदा लागू झाला होता. कचेरीचं दार कायद्याने किलकिलं करता येतं. गिटार धसमुसळेपणाने बडवण्याची मुभा मात्र कोणत्याही कलमात बसत नाही.

ती मुभा या बहिणींनी गमतीजमतीत घेतली. फुगवलेले केस, जुन्या वळणाचे पोशाख, सर्फ, रॉकाबिली आणि ट्विस्ट यांची मिसळ. ‘आय वॉक लाइक जेन मॅन्सफील्ड’ या गाण्याच्या नावातच हॉलिवूडच्या मादक नटीसारखी चाल आहे. ती चाल इथे मिरवण्याची आणि चिडवण्याचीही गोष्ट होते, आणि गाणारीचा आवाज तर गुरगुरता. जुन्या काळाच्या या हौसेला कोणी स्मरणरंजन म्हणेल. पण ज्या काळात मंचावर आपल्यासारख्यांना जागाच नव्हती, त्या काळाची हुरहूर कशाला लागेल? त्या मागे जातात ते तिथली जागा बळकावायला.

२००३मध्ये क्वेंटिन टॅरँटिनोच्या ‘किल बिल’च्या पहिल्या भागात या तिघी वाजवताना दिसल्या आणि जगभर पोचल्या. टोकियोतल्या एका कपड्यांच्या दुकानात त्याने त्यांचं संगीत ऐकलं होतं. ‘वू हू’ हे त्यातलं गाणं मुळात १९५९चं, व्हर्जिनियातल्या ‘रॉक-ए-टीन्स’ या मुलांच्या बँडचं. पुढे ते ब्रिटनमध्ये बिअरच्या जाहिरातीत वाजलं आणि २००४मध्ये तिथल्या विक्रीच्या यादीत चढलं. इथे एक आक्षेप रास्त आहे: पाश्चात्त्य कॅमेऱ्याला जपानी बायकांची गंमत शोभेची वस्तू म्हणून हवी होती का? काही अंशी हवी असेलही. पण चित्रपट येईपर्यंत त्या सतरा वर्षं वाजवत होत्या, आणि नंतरही वाजवत राहिल्या. कॅमेरा त्यांच्या खेळात उशिरा आलेला पाहुणा होता.

पहिल्या पिढीची पोरं ओबडधोबड वाजवायची, कारण त्यांना तेवढंच येत होतं. या तिघींनी ओबडधोबडपणा समजून-उमजून निवडला, आणि तो निवडायला जास्त धिटाई लागते. असामान्य स्त्रीला मान द्यायला समाज हळूहळू शिकतो. लता मंगेशकर किंवा किशोरी आमोणकर यांच्यापुढे नतमस्तक होणं आपल्यालाही जड गेलं नाही. पण तीन कॉर्डवर गोंगाट करणारी, मजेत चुकणारी, कोणाच्याही पसंतीची वाट न पाहणारी साधारण मुलगी आपल्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये उभी राहिली, तर तिला आपण तिच्या शेजारच्या मुलाइतकीच सूट देतो का? समता कितपत आली, हे मी तिथे तपासेन.