पाठवलं आणि पोचलं

‘आपण डिजिटल नेतृत्व कसे केले? पुराव्यासह लिहा.’ अर्जातला हा रकाना वाचून माझं डोकं फिरलं. पुरावा म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुपचे स्क्रीनशॉट आणि यूट्यूबच्या लिंका. कोरोनानंतर नगर जिल्ह्यातल्या कुठल्या कॉलेजात हे नाही?

मी मात्र पाठवणं आणि पोचणं यांत फरक करतो. निळ्या टिका आल्या म्हणजे निरोप पाहिला, एवढंच. कळलं की नाही, ते समोरच्याच्या कपाळावरची आठी सांगते.

“आठ्या मोजता येत नाहीत, लिंका येतात,” हे आमच्या एका सहकाऱ्यांचं पालुपद. एरवी मी ते हसण्यावारी नेतो. एकदा मात्र ते म्हणाले, “आठी दिसायला पोरगं वर्गात तर हवं!” तिथे मी गप्प झालो.

कारण पाथर्डीकडचा माझा एक विद्यार्थी दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातो, तो पट्टा पडल्यावरच, म्हणजे हंगाम संपल्यावरच, परततो. त्याचा निरोप आला होता : “सर, व्हिडिओ नको, नेट पुरत नाही. नुसता आवाज पाठवा.” मी धडा नुसत्या आवाजात मुद्रित केला आणि पाठवण्याआधी स्वतःच ऐकला. “हा वक्र बघा, असा खाली येतो...” कसा येतो? फळ्यावाचून माझं अर्थशास्त्र मुकं होतं! मग कांद्याच्या भावावरून मागणीचा नियम पुन्हा सांगितला, एकही रेघ न ओढता. वर्गातल्या मुलांनाही तोच धडा आवडला.

ऐकणाऱ्यासाठी असं बदलणं नवं नाही. आमच्याच जिल्ह्यात, नेवाशाला, शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत सांगितली. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. बोरू कुठला होता, हे कुणी विचारत नाही. ऐकणाऱ्यासाठी सांगणाऱ्याने आपली भाषा बदलली, हे मात्र सातशे वर्षं लक्षात आहे.

नेतृत्व हा शब्द मला पोकळ वाटायचा. आता वाटतं, वर्गात नसलेल्या मुलासाठी मास्तर स्वतःचं काय बदलतो, त्याला हा शब्द शोभेल. फक्त या वेळी पुढे तो मुलगा होता, मागे मी.

परवा त्याचा आवाज आला : “सर, उचल मिळाली की मटण महागलं तरी आमच्याकडं जास्तच घेतात. मग तुमचा नियम चुकला का?”

नियम चुकलेला नाही; हातात पैसा आला की सगळा वक्रच सरकतो. पुढचा धडा नेमका हाच होता. प्रश्न पोचला होता, आणि पुरावाही मिळाला होता. फक्त आवाजाचा स्क्रीनशॉट निघत नाही, म्हणून रकाना अजून कोराच आहे.