पोलीस ॲक्शनचा हिशेब

सतरा सप्टेंबर, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, जवळ आला की औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) गुलमंडीवर पक्षापक्षांचे फलक लागतात. मराठवाड्यातली शिवसेनेची पहिली शाखा १९८५ साली इथेच निघाली. तेव्हापासून शहरातला कुठलाही राजकीय वाद तिथल्या सुपारी हनुमान मंदिराला वळसा घातल्याशिवाय पुढे सरकत नाही. ‘खान की बाण’ ही घोषणा आणि विरोधकाला ‘रझाकार’ म्हणण्याची सवय आपल्या शहराच्या चांगलीच अंगवळणी पडली आहे. २०२२ साली तर झेंडा किती वाजता फडकवला यावरूनच भांडण झालं. तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांना त्याच दिवशी हैदराबादला केंद्राच्या कार्यक्रमाला जायचं होतं, म्हणून सिद्धार्थ उद्यानातलं ध्वजवंदन लवकर उरकलं. त्यामागचा हेतू काय, यावर मग दोन्ही बाजू तावातावाने बोलल्या. ज्या कारवाईमुळे हा दिवस आला, तिच्या हेतूवरचं भांडण मात्र फार जुनं आहे.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय लष्कर हैदराबादच्या निजामाच्या हद्दीत शिरलं. दुसऱ्याच दिवशी औरंगाबाद ताब्यात आलं आणि १७ तारखेला निजामाने हार मानली. रणगाडे होते, विमानं होती, तरी दिल्लीने त्याला पोलीस ॲक्शन म्हटलं. दिल्लीच्या मते प्रश्न रझाकार या निजामाच्या पाठीराख्या सशस्त्र संघटनेच्या धुमाकुळाचा आणि कायदा-सुव्यवस्थेचा होता. निजामाच्या सरकारने ऑगस्टमध्येच सुरक्षा परिषदेकडे धाव घेतली होती. त्यांच्या लेखी ही सरळ गिळंकृत करण्याची तयारी होती. कम्युनिस्टांना वाटलं, लष्कर येतंय ते तेलंगणातला शेतकऱ्यांचा उठाव मोडायला. हिंदुत्ववाद्यांची तक्रार वेगळीच: इतका उशीर का? नेहरू कचरले आणि पटेलांनी रेटलं, हा वाद तर आजही प्रत्येक निवडणुकीला नवा करकरीत होऊन येतो.

मला यातलं कुठलंच म्हणणं पूर्ण खोटं वाटत नाही. देशाच्या ऐन मध्यावर वेगळं राज्य दिल्लीला नको होतं. बिदर जिल्ह्यातल्या गोरट्यात १९४८ च्याच मे महिन्यात रझाकारांनी कत्तल केली होती. आणि निजाम गेल्यावरही सरकारी बंदुका तेलंगणातून हलल्या नाहीत. कम्युनिस्टांनी लढा मागे घेतला तो १९५१ मध्ये. राज्य चालवणाऱ्याचा हेतू सोवळ्यातला असावा ही अपेक्षाच भाबडी आहे. हेतू भेसळीचा होता एवढ्याने कारवाई चुकीची ठरत नाही. गावोगाव सुटकेचा श्वास टाकणारी माणसं खरी होती.

पण कारवाई योग्य होती म्हणून तिच्या मागोमाग जे आलं तेही माफ, असं कसं म्हणता येईल? नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाहणीसाठी पाठवलं. त्यांच्या अहवालाने कारवाईच्या दरम्यान आणि नंतर किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला. त्यांत बहुसंख्य मुसलमान होते, आणि उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा या जिल्ह्यांना सर्वांत जास्त झळ बसली. सरकारने तो अहवाल कधी प्रसिद्धच केला नाही. सर्वसामान्य वाचकाच्या हाती तो आला तेव्हा पासष्टएक वर्षं उलटली होती. दिल्लीच्या हेतूची पारख मी इथे करीन. नेहरूंनी माणसं पाठवली हे त्यांच्या खात्यावर जमा, अहवाल दाबला हे नावे. रझाकारांचे अत्याचार शाळेत शिकवायचे आणि हा अहवाल कपाटात ठेवायचा, यात काँग्रेसचंही चाललं आणि तिच्या विरोधकांचंही. उलट बाजूला रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी याचं नाव निघताच विषय बदलणारेही आहेत. शोएबुल्ला खान या उर्दू संपादकाने भारतात विलीन व्हा असं लिहिलं म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्याला ठार केलं. त्याचं नाव घ्यायला दोन्हीकडचे वक्ते बिचकतात, कारण तो कोणाच्याच भाषणात नीट बसत नाही.

हेतूवर बोट ठेवणं सोपं असतं. दुसऱ्याच्या मनात काय होतं हे सिद्ध करता येत नाही आणि खोडताही येत नाही. शिवाय आपण मापं दोन ठेवतो. १९७१ च्या युद्धातल्या विजयानंतर काही महिन्यांत विधानसभा निवडणुका झाल्या. त्याकडे बोट दाखवणारा २०१९ च्या बालाकोट हवाई हल्ल्याच्या वेळी मतांचा विषय काढला की देशद्रोह म्हणतो. बालाकोटवर शंका घेणाऱ्याला १९७१ मध्ये निव्वळ मानवता दिसते. (बालाकोटनंतर दोन महिन्यांनी आपल्या शहरात मतदान झालं आणि शिवसेना-भाजप युतीचाच उमेदवार ४,४९२ मतांनी पडला, तेव्हा युद्धाने मतं मिळतातच हेही गृहीत धरू नये.) प्रश्न विचारूच नये असं मी म्हणत नाही. फक्त तो आधी आपण ज्याला मत दिलं त्याला विचारावा: आधी कोणते मार्ग वापरून पाहिले, किती मेले, त्यांची नोंद कुठे आहे, आणि ती लोकांसमोर कधी येणार?